बेटांवरची चौकशी

हैदराबादच्या विमानतळावर तो दिसला तेव्हा माझ्या हातात दशम्यांचा डबा होता. माझा चुलतभाऊ. सोबत बायको, पायात नवेकोरे पांढरे बूट. नांदूरघाटजवळच्या एकाच गावात आमची घरं, शेतं बांधाला बांध लागून, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

अंदमानच्या सहलीत तोही आहे हे मला आधीच कळलं होतं. अंबाजोगाईचा सहल काढणारा म्हणाला होता, "सर, दहा माणसं जमली. तुमच्या भावकीतले पण आहेत." बायको म्हणाली, आपण नाव काढून घेऊ. मी काढलं नाही. का काढलं नाही ते मला चांगलं माहीत होतं. काही दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर असणार होता, चहूबाजूंनी पाणी असणार होतं आणि त्याला उठून जायला जागा नव्हती.

आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी मुलाकडची माणसं गुपचूप गावात येतात. मुलीच्या घरी जात नाहीत. हॉटेलात चहा घेतात आणि कोणाला तरी विचारतात, पोरगी कशी आहे, घर कसं आहे. माझ्या मुलीच्या वेळी त्यांनी माझ्या चुलतभावाला विचारलं. तो वाईट काहीच बोलला नाही. कपातला चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "भावकीतलीच हाय. आता मी काय सांगू?" मग रस्त्याकडे बघत बसला. आमच्या भागात यापेक्षा वाईट चौकशी नाही. शिवी दिली असती तर लोकांनी म्हटलं असतं, भावकीचा जळफळाट. गप्प बसला, म्हणजे काहीतरी असणारच. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. हॉटेलवाल्याने हे सगळं मला सांगितलं. मुलीने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यासमोर बसून जेवण केलं नाही.

तिच्याकडे त्या दिवसांत एकच मैत्रीण यायची, ती म्हणजे याच चुलतभावाची मुलगी. शाळेत मी तिला शिकवलेलं. दोघी आतल्या खोलीत बसायच्या. ती बापाला विचारून येत नसणार. हे मला ठाऊक होतं, आणि तरी पुढचं घडलं.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीत आमच्या सहलीतले एक निवृत्त प्राध्यापक माझ्याशेजारी येऊन बसले. अंबाजोगाईचे, सभ्य माणूस. मुलगा पुण्यात नोकरीला. पहिल्या दिवसापासून माझा चुलतभाऊ त्यांच्या मागे मागे होता. शहाळं त्यांना आधी, खिडकीची जागा त्यांना आधी, त्यांच्या बायकोची पिशवी याच्या खांद्यावर. मला ते दिसत होतं आणि कशासाठी तेही कळत होतं.

प्राध्यापक हळूच म्हणाले, "सर, तुम्ही एका गावचे. यांच्या मुलीचा बायोडाटा आलाय आमच्याकडे. मुलगी कशी आहे?"

समोर पाणी इतकं निळं होतं की माझी बायको मघापासून नुसती बघत बसली होती. ती आपल्याकडे बघत नाही ना, एवढं मी पाहिलं. मग म्हणालो, "भावकीतलीच आहे. आता मी काय सांगू?" आणि तोंड फिरवलं.

प्राध्यापक उठून बायकोजवळ जाऊन बसले.

मला फार बरं वाटलं. पुढचे दोन दिवस मी कधी नाही इतका आनंदात होतो. प्राध्यापक शहाळं नको म्हणायला लागले. त्यांच्या बायकोने पिशवी स्वतःकडे घेतली. चुलतभावाला काही उमजेना. तो आणखी पुढे पुढे करायचा आणि ते आणखी मागे सरायचे. मी लांबून बघायचो, शेंगदाण्याची चटणी लावून दशमी खायचो. समुद्रकिनारा मला आवडला होता, पण त्याहून हे आवडलं होतं.

नील बेटावर तळाला काच असलेल्या होडीत बसायचं होतं. त्याला पाण्याची भीती. नारिंगी जॅकेट घालून तो माझ्याच शेजारी येऊन बसला आणि त्याने माझं मनगट धरलं. काचेखालून मासे जात होते. त्याने एकदाही खाली बघितलं नाही.

"मास्तर," दोन वर्षांनी त्याने मला हाक मारली, "झालं गेलं जाऊ दे. एक काम कर. त्या प्राध्यापकाच्या कानावर दोन शब्द घाल. पोरगी तुझ्या हाताखाली शिकली. तुझं लई ऐकतात ते."

"विचारलं त्यांनी."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस बे?"

"तू हॉटेलात सांगितलंस, तेच."

त्याने मनगट सोडलं. या क्षणाची मी दोन वर्षं वाट बघितली होती, आणि तो मनात रंगवला होता तसाच होता. त्याचा चेहरा उतरला. होडी हेलकावली तर त्याने बाकाची फळी धरली.

"माझ्यावर काढायचं व्हतं," शेवटी तो म्हणाला. "पोरीनं तुझं काय केलतं?"

"माझ्या पोरीनं तुझं काय केलतं?"

त्याने जॅकेटचा पट्टा आवळला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत ते मला टोचत राहिलं. तिने माझं चांगलं केलं होतं.

परतीच्या बोटीत मी स्वतः प्राध्यापकांजवळ गेलो. म्हणालो, मुलगी लाखात एक आहे, परवा मी नीट बोललो नाही. तिच्याबद्दल जे खरं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीमागे, जिथे माझा चुलतभाऊ बसला होता, तिकडे एकदा बघून हसले. "चांगलं झालं सर. भावकी एक झाली."

इतकी वर्षं या भागात राहून मला एवढं कळायला हवं होतं. चौकशीतली चुप्पी मागे घेता येत नाही. मागे घेतली की लोक समजतात, मुलीच्या बापाने याचं तोंड बंद केलं.

गावी आल्यावर आठवड्याच्या आत चुलतभावाकडे निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

परवा त्याची मुलगी आमच्याकडे आली. माझ्या मोबाइलवर सहलीचे फोटो बघत बसली. बापाचा नारिंगी जॅकेटातला फोटो तिने मोठा करून पाहिला आणि हसली. "सर, अण्णा किती भ्यालेत." पुढच्या फोटोत प्राध्यापक आणि त्यांची बायको होती. तो तिने पटकन पुढे सरकवला. मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत गेली, माझ्या मुलीकडे.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. होडीतला त्याचा चेहरा आठवला की अजूनही मला बरं वाटतं. फक्त आतून त्या दोघींचं बोलणं ऐकू यायला लागलं की मला घरात बसवत नाही. मी चपला घालतो आणि शेताकडे निघतो. तिथे बांधापलीकडे तो असतो. आम्ही बोलत नाही.