आज घरात कोण हाय?

फोन आला तेव्हा मी चंदगडच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. खांद्यावरच्या पिशवीत भूपालसरांच्या नव्या कादंबरीची प्रुफं होती. प्रकाशकांनी ती तपासायला माझ्याकडे पाठवली होती. मी नुकतीच वाचून संपवली होती आणि कधी एकदा सरांना भेटतो आणि ओरडून सांगतो की सर, जमलंय, असं मला झालं होतं. फोन त्यांच्या मुलीचा होता. "बाबा दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." गाडी आली. मी चढलो. खिडकीशी बसलो आणि पिशवी पोटाशी धरून ठेवली. सर गेले हे डोक्यात शिरत नव्हतं. शिरत होतं ते त्यांचं एकच वाक्य. गेल्या भेटीत ते म्हणाले होते, "तानाजी, ही एक तरी सुशीलेनं वाचली पाहिजे. बाकी कुणी नाही वाचली तरी चालेल."

भूपाल किणीकर यांच्या कादंबऱ्यांतले पैलवान, गुऱ्हाळवाले, टांगेवाले वाचकांना ओळखीचे आहेत. पण सरांच्या पत्नी सुशीलाकाकूंनी त्यांचं एकही पुस्तक कधी उघडलं नव्हतं. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "घरात रोज भेटत्यात की समदी. परत वाचायची कशाला?" आणि त्यात खोटं काही नव्हतं. सरांची लिहायची पद्धतच तशी होती. ज्या माणसावर लिहायचं, तो माणूस होऊन ते दिवस काढायचे. टांगेवाल्यावर लिहीत होते तेव्हा बशीतून चहा प्यायचे आणि घरातल्या खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसायचे. थकलेल्या पैलवानावर लिहिताना पहाटे कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन आले आणि पुढं अंथरूण धरून पडले. काकू औषध देताना म्हणाल्या, "पैलवानानं प्यालं आन् मास्तराला बाधलं!" रोज सकाळी चहाचा कप पुढं करताना काकूंचा एकच प्रश्न असायचा, "आज घरात कोण हाय?" सर जे नाव सांगतील त्याप्रमाणे साखर कमी किंवा जास्त पडायची. नाव सांगितलं नाही तर त्या समजायच्या, आज लिखाण बंद, आज दळण आणायला पाठवायला हरकत नाही.

मी मुरगूडचा. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, आणि तो झालो तो या घरामुळं. कोल्हापुरात कॉलेजला आलो तेव्हा सर आम्हाला वाणिज्य शिकवायचे. ते लेखक आहेत हे मला माहीतही नव्हतं. कॉलेजच्या अंकासाठी मी एक गोष्ट लिहिली. ती हातात घेऊन ते वर्गाबाहेर थांबले. म्हणाले, "मुरगूडचा ना तू? मग तुझी माणसं अशी इस्त्री केल्यासारखी का बोलतात? आणि जेवत कशी नाहीत? सगळ्या गोष्टीत एक माणूस जेवलेला नाही. उपाशी माणसं किती बोलणार?" मग त्यांनी विचारलं, "तू तरी जेवलास का?" रोज जेवतो, फक्त रविवारी संध्याकाळी होस्टेलची मेस बंद असते, असं मी सांगून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी माझं पान ठरलेलं. घर जैनांचं, त्यामुळं जेवण दिवस मावळायच्या आत. मी उन्हातच पोचायचो. बाहेरच्या खोलीत सर माझी गोष्ट वाचायचे, वाक्यावाक्याला थांबायचे, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. वाक्य कुठं तोडायचं हे मी त्या आवाजात शिकलो असं आज वाटतं.

एक गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटायची. सर स्वयंपाकघरात जायचे ते आधी बोळात थांबून, जोरात खाकरून. मग एक क्षण जाऊ द्यायचे. मग आत. काकू आतून ओरडायच्या, "सोताच्या घरात पावण्यावानी काय खाकरताय? या की!" सर नुसते हसायचे. मला वाटायचं, घशाचं काहीतरी असेल.

सरांना एकच सल होता. त्यांच्या पुरुषांचं सगळे कौतुक करायचे, पण बायकांबद्दल कुणी बोलायचं नाही. एका समारंभात एका वाचक बाईंनी उभं राहून सरळ विचारलं, "सर, तुमच्या कादंबऱ्यांत बायका फक्त पाणी आणून देतात. त्या कधी बसत नाहीत का?" सभा हसली. सरही हसले, पण परत येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मला म्हणाले, "बाई बरोबर बोलली. मी पैलवान झालो, टांगेवाला झालो. बाई व्हायला भ्यालो." आणि पुढच्याच रविवारी जाहीर करून टाकलं, की आता पारूबाई. कोल्हापुरात मटणाची खानावळ चालवणारी विधवा. काकूंनी कपाळाला हात लावला. "जन्मात कांदा-लसूण न खाल्लेला माणूस मटणाची खानावळ लिवनार!"

ते दिवस मी विसरणार नाही. मी तोवर चंदगडला शिक्षक झालो होतो, पण सरांचा फोन आला की शनिवारची एसटी पकडायचो. सर मला लक्ष्मीपुरीतल्या एका खानावळीत घेऊन जायचे. मी जेवायचं, त्यांनी बघायचं. समोर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास. "कसं लागतंय?" "चांगलं लागतंय, सर." "चांगलं ही पळवाट झाली. तांबडा आधी कुठं लागतो? ओठाला का घशाला?" मी घाम पुसत सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. खानावळीच्या मालकीणबाई शेवटी गल्ल्यावरून उठून आल्या. "पावणं, तुम्ही का जेवंना?" सर म्हणाले, "मी बघायला आलोय." "मटान बघायला? पिक्चर हाय व्हय?" सगळी खानावळ हसली आणि सर सगळ्यांत मोठ्यानं. बाहेर आल्यावर शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "ऐकलंस? पिक्चर हाय व्हय! पारू सापडली रे, तानाजी, पारू सापडली!"

पण ती तेवढ्यानं सापडली नव्हती. लिहून फाडणं किती चाललं! पारू बोलायची फर्डं, भांडायची फर्डं, पण एकटी असली की कागदाची व्हायची. सर म्हणायचे, "कुणी बघत नसताना ही काय करते, ते मला अजून लिहिता येत नाही." मग अनेक महिने त्यांनी मला काही दाखवलंच नाही. त्या काळात सकाळी काकूंनी विचारलं की ते नुसतं "बघू" म्हणायचे. आणि मग एकदम फोन. "संपली. छापायला दिली. प्रुफं तू बघ. आणि पुस्तक झालं की सुशीलेला मी स्वतः नेऊन देणार."

ते काही झालं नाही. दिवसकार्य उरकल्यावर मी प्रुफांची पिशवी काकूंपुढं ठेवली. सरांची इच्छा सांगितली. काकूंनी पिशवीकडं बघितलंही नाही. "हयात असताना न्हाय वाचलं, आता कुणासाठी वाचू?" उठताना मी एवढंच म्हणालो, "काकू, अकरावं प्रकरण तेवढं बघा." अकराव्यात काय आहे ते सांगितलं नाही. माझ्या मनातली शंका खरी की खोटी, हे त्याच सांगू शकत होत्या.

गेल्या रविवारी परत गेलो. उन्हातच. काकू स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकून प्रुफं उभी केलेली, कडा पिठानं पांढऱ्या. अकराव्या प्रकरणात पारू खानावळ उघडायच्या आधी तव्यावरची पहिली भाकरी काढते, दाराकडं पाठ करते, आणि उभ्या उभ्या चटणी-तेलाशी खाते. गरम, एकटी. मग तोंड पुसून ओरडते, पानं घ्या! आणि खानावळीचा हिशेब बघणारे दत्तोबा रोज दाराबाहेर खाकरतात, जरा थांबतात, आणि मगच आत येतात.

काकूंनी पान बोटानं दाबून धरलं होतं. "सासू होती तवापासनंची सवय रं. बाप्यांच्या आधी बाईनं खाल्लेलं चालायचं न्हाय. मी पाठ करून खायची. वाटायचं, कुणाला ठावं न्हाय..." त्यांनी पानाच्या कडेचं पीठ पुसलं. "आन् मी त्यांस्नी बोलायची. सोताच्या घरात काय खाकरताय म्हनून. जल्मभर बोलायची."

मग एकदम हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "लबाड! बाकी समदं येऊन सांगायचं, एवढं तेवढं सांगितलं न्हाय!" हात धुवून त्यांनी पीठ घेतलं. मी दारातच उभा होतो, आणि तोंडातून निघून गेलं, "काकू, आज घरात कोण हाय?"

"पारूबाई. दुसरं कोण?"

तवा तापला. भाकरी फुगली. काकूंनी ती ताटात घेतली, चटणी घेतली, वर तेल सोडलं. मग ताट घेऊन टेबलापाशी आल्या, सरांची खुर्ची ओढली आणि दाराकडं तोंड करून बसल्या. मी पुढं झालो तसा त्यांनी पिठाचा हात वर केला.

"थांब. ही माझी. दुसरी तुझी."