डेअरीतली बुधवारची बैठक

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी घाटनांदूरजवळच्या आमच्या गावातली दूध सोसायटी बंद पडली. जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध संकलनाच्या खोलीला कुलूप लागलं. पुढे त्याच खोलीत कॅन्सरच्या पेशंटांची बैठक भरू लागली. सरकारी दवाखान्यातली एक नर्स आमच्या गावची सून होती. तिने चेअरमनकडून किल्ली मागून घेतली. दर बुधवारी आसपासच्या गावांतली सात-आठ माणसं यायची. सगळ्यांचाच आजार पसरलेला, बरा न होणारा.

आईला तिथं न्यायला बाबा तयार नव्हते. तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन आधी झालं होतं. आता रोग लिव्हरात गेलाय, हे डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. "तिला कळलं तर ती आत्ताच खचंल," बाबा म्हणाले. "कावीळ हाय म्हणायचं." पावसाळाभर, म्हणजे नुसत्या कोरड्या ढगांचे महिने, आम्ही तिला काविळीचं पथ्य सांगत राहिलो. तीही मुकाट्यानं बिनतेलाचं जेवायची.

दुखणं फारच वाढलं तेव्हा मी नर्सला भेटले. ती म्हणाली, "नुसतं बसवून आणा."

त्या खोलीत फरशीला अजून आंबूस वास होता. आई भिंतीला टेकून बसली, मी दाराशी. तिच्या शेजारी एक ऊसतोड कामगार बाई होती, चाळिशीची, डोक्यावर केस नाहीत, पदर घट्ट ओढलेला. तिने शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "माझं हाडात गेलंय. तुमचं कुठवर आलंय?"

"लिव्हरात," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गोळी कशी घेता दुखण्याची?" त्या बाईनं विचारलं.

"लईच दुखलं तर अर्धी. सवय लागंल म्हणून भ्या वाटतं."

"तसं न्हाई करायचं. टाईमावर पुरी घ्यायची, दुखायच्या आधी. मीबी लई दिवस अर्धीच खाल्ली, उगं तळमळले." नर्सने मान डोलावली, आणि पोट साफ राहायचं औषधही सोबत घ्यायला सांगितलं. एका म्हाताऱ्यानं तोंडातल्या फोडांचं गाऱ्हाणं सांगितलं. मग कुणीतरी आपल्या सुनेची नक्कल केली आणि आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

घरी येताना ती म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको, मला ठाऊक हाय म्हणून. त्यांना झेपायचं न्हाई."

तरी मी बाबांना सांगितलं. पुढच्या बुधवारी तेच तिला घेऊन गेले आणि बाहेर चपलांपाशी उभे राहिले. त्या ऊसतोडवाल्या बाईंनीच त्यांना आत बोलावलं. "दाजी, आमच्या बाईला एकदा इचारा तरी, तिला काय पायजे."

बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं. आईला आता सलाइनसाठी लातूरच्या खेपा नको होत्या. भरीत पाहिजे होतं, तेल घालून. आणि माजलगावची तिची बहीण चार दिवस राहायला.

मावशी आली. घरातलं दबक्या आवाजातलं बोलणं थांबलं. बाबा आणि आई संध्याकाळी अंगणात बसून बोलायचे, कधी दोघंही रडायचे. पण हे जेमतेम तीन आठवडे टिकलं. मग आई ग्लानीत गेली आणि दिवाळीच्या आधीच वारली. बाबांना आजही तो पावसाळा टोचतो. "नवरा-बायको असून आम्ही चोरासारखे वागलो," म्हणतात.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला बैठकीतली सगळी माणसं आली. ऊसतोडवाल्या बाई मला जवळ घेऊन बसल्या. आठवड्यानं त्या टोळीबरोबर कर्नाटकाकडे निघाल्या. तोडणी त्यांच्यानं होणार नव्हती; पण घरी एकटीला कोण सांभाळणार? नर्सने जमतील तेवढ्या दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या बांधून दिल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळी परत आली, त्यात त्या नव्हत्या. मी त्यांच्या नवऱ्याला भेटायला गेले तर तो म्हणाला, "कोपीतच गेली, पाचटाच्या खोपटात. गोळ्या सरल्या व्हत्या. तिकडच्या दवाखान्यात त्या कुणाला ठाऊकच न्हाईत."

आम्ही त्यांच्यासाठी गोळ्या पाठवू शकलो असतो. पण त्या उसाच्या कुठल्या फडावर आहेत, हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.