कोळंबीच्या टरफलांचा लेप

विशालाक्षी जागेपणी स्वप्नं बघते. चेन्नईत पेरुंगुडीला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली, नोकरी प्रयोगशाळेत. साखर मागितली तर मीठ आणून देईल आणि वर विचारेल, पुरेल ना? आधी मला तिचा राग यायचा. आता येत नाही, कारण ती कुठे हरवलेली असते ते मला कळलंय.

ती असते चांदीच्या कणांत. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एकाहूनही बारीक असे कण. जे जंतू कुठल्याच औषधाला भीक घालत नाहीत, त्यांना हे कण मारतात. पण जखमेतल्या खारट पाण्यात ते एकमेकांना चिकटून बसतात आणि निकामी होतात. त्यांना सुटं ठेवायला ती वरून एक पातळ लेप चढवते, आणि तो निघतो कोळंबीच्या टरफलांतून. म्हणून जन्मात मासा न खाल्लेली ही बाई बसने चेन्नईजवळच्या कोवलम या कोळीगावी जाते, कोळणींकडून पिशवीभर टरफलं घेते आणि होड्यांपाशी बसून राहते. ऊन उतरलं की पाणी चकाकतं. तिला वाटतं, आपणही कणाएवढ्या होऊन कुणाच्या तरी जखमेत तरंगतोय, आणि भोवती सगळं कोमट, शांत, हळूहळू बरं होणारं आहे.

गेल्या वर्षी ती जखम घरातच निघाली. तिचे वडील नारायणस्वामी राव मधुमेही. पाय चिघळला, औषधं हरली, डॉक्टर पाय कापायचं बोलू लागले. त्याच इस्पितळात, हे कण घालून तिने बनवलेल्या पट्टीची रुग्णांवर चाचणी सुरू होणार होती, आणि डॉक्टर रावांना त्यात घ्यायला तयार होते. अडचण एकच. मासळीबाजाराजवळून रिक्षा गेली तरी घरी येऊन आंघोळ करणारा हा माणूस.

मी तिला म्हटलं, सांगूच नकोस, पट्टी काय तोंडाने बोलणार आहे? तिने ऐकलं नाही. ज्याचा पाय, त्याला ठाऊक असायलाच हवं, म्हणाली. मला वाटलं, झालं, हातातोंडाशी आलेला घास गेला.

संध्याकाळी मी आमटी द्यायला गेले, तेव्हा ती वडिलांसमोर खाली बसून सगळं सांगत होती. कोवलम, टरफलं, लेप, काही लपवलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मज ठाऊक आहे, अम्मा," राव लेकीला म्हणाले. "शिकेकाई लावून न्हातीस, तरी केसांतला वास जात नाही."

विशालाक्षीला रडू आवरेना. मग कधी बोलला का नाहीत, तिने विचारलं.

"बोललो असतो तर तू ते काम सोडलं असतंस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळे मिटून पडलेला असतो मी. तो वास आला की कळतं, लेक घरी आली. आता पायास लागला तर लागू दे."