पास झाल्याचे पेढे

निवड चाचणीची अर्धमॅरेथॉन ठरलेल्या वेळेच्या आत संपवली, त्या सकाळी मी मरीनाच्या पाण्याकाठी बसूनच घरी फोन लावला.

"आई, मी क्वालिफाय झाले."

तिने तिकडे बाबांना ओरडून सांगितलं, "पास झाली हो!"

मी दुरुस्ती केली नाही. मलाही तसंच वाटत होतं. बाबा दहावी पास, आईची शाळा नववीत सुटलेली. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. आमच्याकडे परीक्षेचे निकाल दोनच, पास किंवा नापास. पास झालं की बाकीच्यांनी किती मिळवले, हे कोण विचारतो? विद्यापीठाच्या संघातून हत्ताच्या डोंगरातली शर्यत धावायची, एवढी एकच गोष्ट मला वर्षभर हवी होती. ती मिळाली, असं मी धरून चालले.

दुपारपर्यंत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या मजल्यावर पेढे वाटून झाले. शेजारच्या काकांनी दोन उचलले. "पळण्यातही पास-नापास असतं होय? मग मी रोज बसमागे पळतो, त्याचे मार्क कुठे मिळतात?"

त्या आठवड्यातच संघ निवडणाऱ्या सरांनी बोलावलं. "वेळ तू गाठलीस," ते म्हणाले, "पण ती गाठणाऱ्या यंदा खूप निघाल्या. जागा थोड्या आहेत, त्या सगळ्यात वेगवान मुलींना. दोन वर्षांपूर्वी याच वेळेवर तुला डोळे मिटून घेतलं असतं." ते हे समजुतीनेच बोलले. मला मात्र तेच जास्त लागलं.

बाबा मरीनातल्या एका टॉवरमध्ये एसी दुरुस्तीचं काम करतात. संध्याकाळी ते बूट काढत होते, तेव्हा मी सांगून टाकलं.

"पास झालीस ना?"

"हो."

"मग?"

"पास झालेल्या खूप आहेत, बाबा."

"मी बोलू का सरांशी? हिंदीत नीट समजावतो."

"नको ना!"

"आता पेढे परत मागायचे का लोकांकडून?" आई म्हणाली. "तुमचे ते काका तर दोन खाऊन बसलेत."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. बाबा दुसरा बूट हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "मी इथे आखातात आलो तेव्हा दहावीवाला म्हणून मान होता. आता हेल्परसुद्धा डिप्लोमा घेऊन येतो."

शर्यतीच्या दिवशी धावणाऱ्यांना पाणी द्यायला टेबलापाशी थांबशील का, असं सरांनी विचारलं. मी हो का म्हटलं, ते अजून मला नीट सांगता येत नाही. निघताना आईने पेढ्यांचा नवा बॉक्स हातात दिला. "निवडलेल्या पोरींना दे. आणि तूही खा."

शर्यतीच्या दिवसापर्यंत मला वाटायचं, कुणीतरी ऑफिसात बसून निवडीची रेषा पुढे सरकवत असतं. हत्ताच्या उतारावर सुटे दगड होते. संघात शेवटची जागा मिळालेली, खलिफा सिटीत राहणारी मुलगी त्यावरून खाली आली. गुडघा सोललेला. अर्धा ग्लास प्यायली, अर्धा डोक्यावर ओतला, स्वतःलाच "यल्ला, यल्ला", चल, चल, म्हणाली आणि गेलीसुद्धा. चाचणीत आम्ही बराच वेळ जोडीने धावलो होतो. शेवटी घड्याळ पाहून मी जराशी सैल पडले, वेळ तर हातात होती. तिने घड्याळाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. रेषा पुढे नेणाऱ्या या अशा मुलीच होत्या तर. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

शर्यत संपल्यावर मी बॉक्स उघडला. तिने धुळीच्या हाताने पेढा उचलला.

"कशाबद्दल?"

"पास झाल्याबद्दल."

"कोण पास झालं?"

"तुम्ही," मी म्हणाले. आणि थोडं थांबून, "मीही. पण मी नुसतीच पास."

तिला ते कळलं नसावं. तिने अर्धा पेढा मोडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "उद्या सकाळी पळायला येतेस?"

"उद्या तुझा गुडघा चालेल?"

"इन्शाल्ला," ती म्हणाली.