एकसारखे बुंधे

माझे बाबा काटोलचे संत्रावाले. दर रविवारी बागेतल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा फोटो काढायचे. मोबाइल भरला की बसने नागपूरला येऊन सगळे माझ्या कॉम्प्युटरवर टाकायला लावायचे आणि मोबाइल रिकामा करून न्यायचे. "डिंक्या रोग बुडातून चढते बाई," म्हणायचे, "लवकर दिसला तं झाड वाचते." आपल्याला सगळे बुंधे सारखेच. त्यांना मात्र एकेक झाड ओळखू यायचं.

माझ्या नवऱ्याला पसारा खपत नाही. कॉम्प्युटर भरला, म्हणून त्यानं फायली आवरणारं सॉफ्टवेअर आणलं. एकसारखे फोटो शोधायचे, त्यातला सगळ्यात चांगला ठेवायचा, बाकीचे कायमचे पुसायचे, हा त्याचा धंदा. सॉफ्टवेअरनं 'पुसू का?' विचारलं, नवऱ्यानं 'हो' दाबलं. अरे बाप्पा, मला एकदा विचारायला काय झालं होतं? वर संध्याकाळी कौतुकानं दाखवतो, "बघ, किती जागा झाली!" सॉफ्टवेअरनंच केलेल्या 'निसर्ग' नावाच्या फोल्डरात थोडेसे बुंधे उरले होते. छान उन्हातले, स्वच्छ, निरोगी. डिंक ओघळणारा एकही नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच पावसाळ्यात बागेत डिंक्या पसरला. पाहायला आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, कुठून सुरू झाला आणि कुठवर गेला हे जुन्या फोटोंत दिसलं, तर तेवढीच झाडं काढू. नाहीतर आईबाबांनी मिळून लावलेला अख्खा तुकडा जाणार. आई आता नाही. मी हार्ड डिस्क घेऊन दुकानं पालथी घातली, एकही फोटो परत आला नाही.

बाबा आले, कॉम्प्युटरसमोर बसले. उरलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. मजुरांवर बांधावरून ओरडणारा माणूस, आता तरी भडकेल म्हणून मी वाट पाहत होते. पण आमच्याकडे सासरा जावयाला वावगा शब्द बोलत नाही. "चांगलं केलं जवाईबापू," म्हणाले, "लय पसारा झाला होता." असा संताप आला मला! स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "बाबा, बोला ना त्याला!"

"काहून बोलू वं? जवाई हायेत ते आपले."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून नवऱ्यानं स्पीकर लावला. मागे झाडं कापायच्या मशीनचा आवाज येत होता.

"सगळाच तुकडा काढून राहिलो बाई," बाबा म्हणाले. मग हळूच, "जवाईबापूले नको सांगू. त्याहिले वाईट वाटन."

नवरा फोन धरून समोरच उभा होता.