ढिलं नव्हे, मोकळं

गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं सुतारआजोबांनी बसवलेली. दार लावलं की घरातलं भांडण बाहेर ऐकू येत नाही, अशी त्यांच्या कामाची ख्याती. भांडणाऱ्यांना याचा फार आधार होता; शेजाऱ्यांची तेवढी पंचाईत व्हायची. 'ढिलं' हा शब्द आजोबांच्या लेखी शिवीच. खिळा ढिला, बिजागरी ढिली, माणूस ढिला, सगळे एकाच पंगतीतले.

आणि एका सकाळी त्यांचा स्वतःचाच उजवा हात ढिला पडला. औषधांनी बोटं हलू लागली, पण रंधा धरला की थरथरायची. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. कोण आलं, कोण गेलं, कोणाची चप्पल तुटली, एवढाच उद्योग उरला.

सुनेला ते बघवेना. एका दुपारी तिने आपली मुलगी आणि शेजारची तीन कार्टी गोळा करून मागच्या शेडमध्ये आणून उभी केली.

"बाबा, यांना लाकडाच्या रेसच्या गाड्या करायच्यात. तुम्ही नुसतं सांगायचं. हात यांचे."

"मी काय बालवाडी काढलीय?" आजोबा म्हणाले, आणि तेवढ्यात पॉलिश पेपर शोधूही लागले.

आठवडाभर शेडमध्ये भुसा उडाला. गाड्या देखण्या झाल्या. नाक निमुळतं, अंगावर एक कुसळ नाही. चाकांच्या मधली आस मात्र आजोबांनी स्वतःच्या देखरेखीखाली ठोकून घेतली, चौकटीत पाचर ठोकावी तशी. मग फळी तिरकी लावली आणि चारही गाड्या वर ठेवल्या. त्या तिथेच राहिल्या.

"आजोबा, ही गाडी आहे की कपाट?" शेजारचा चष्मिस म्हणाला.

"आस कशी बसलीय बघ! तसूभर हलत नाही."

"तेच तर म्हणतोय!"

नात हळूच म्हणाली, "आजोबा, जरा ढिलं करा ना."

"माझ्या हाताखालून ढिलं काम बाहेर जाणार नाही," आजोबा गरजले. विषय संपला.

पोरंही संपली. दुसऱ्या दिवशी चष्मिस आला नाही, मग बाकीचे दोघेही यायचे थांबले. दुकानात प्लास्टिकच्या तयार गाड्या मिळतात, अशी बातमी लागली. एकटी नात तेवढी येऊन चाकावरून बोट फिरवत बसली. आजोबांना शेडच्या दारातून खिडकीजवळची ती खुर्ची दिसत होती. उद्या हीदेखील आली नाही, तर परत तिथेच.

सून चहा घेऊन आली. चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "बाबा, आपलं मोरीचं दार दमट हवेत फुगतं, तरी अडकत कसं नाही?"

"फट ठेवलीय ना. जाड कागदाएवढी. लाकडाला मोकळं नको का?"

"मग ही तेच मागतेय. शब्द तेवढा वाईट निवडला."

आजोबांनी चहा ओठांपर्यंत नेला, तसाच खाली ठेवला. मग नातीवरच डाफरले, "मोकळं म्हणायचं सोडून ढिलं काय म्हणतेस गं? भाषा शिका जरा!"

त्यांनी डाव्या हाताने लाकूड दाबून धरलं, नातीने दोन्ही हातांनी गिरमिट फिरवलं. "अजून थोडं... बास. बास म्हटलं ना!" आस सरकवली, चाकाला टिचकी मारली. चाक फिरलं, फिरतच राहिलं. नात कुंपणावर चढून "पळतेय!" असं ओरडली, आणि बाकीची तिन्ही कार्टी अशी आली, जणू चपला घालूनच बसली होती.

शर्यत शाळेमागच्या उतारावर झाली. आजोबांना तिथवर चालवेना, म्हणून ते घरीच येरझाऱ्या घालत होते. पोरं आली ती एकदम बोलत.

"आजोबा, हिची दुसरी आली!"

"आणि थांबलीच नाही!"

"भिंतीवर गेली! मोडली!"

नातीच्या ओंजळीत गाडीचे दोन तुकडे होते आणि डोळ्यांत पाणी. आजोबांनी तुकडे उजेडात धरले. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण चेहरा काही केल्या ऐकेना.

"आस शाबूत आहे. नाक नवीन करावं लागेल. आणि थांबवायचं कसं, तेही बघायला हवं. उद्या शाळा सुटली की या. सगळे या."

पोरं पांगली. सून नातीचं तोंड धुवायला निघाली, तेव्हा आजोबांनी हाक मारली.

"अगं, ऐक."

"काय हो, बाबा?"

"ही पोरं तू आणलीस ना शेडमध्ये..." आजोबा तुकड्यांकडे बघतच म्हणाले, "बरं केलंस."