बिल येत नाही, मग पंखा का बंद करायचा?

मंडळी, तुमच्यात शिकलेली माणसं आहेत म्हणून विचारतो. आज सकाळपासून जिवाला चैन नाही.

मी निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, मुलाकडं राहतो. सुट्टीला लेकीची सई कागलहून आलीय. सकाळी खोलीतून बाहेर पडताना तिनं आपण होऊन पंखा बंद केला. मला बरं वाटलं.

मुलाचा ओंकार हसायलाच लागला. "अगं, तुमच्या महाराष्ट्रात बिल येतंय. हितं सरकारनं लाईट फुकट दिलीय. चालू दे की."

मी म्हटलं, "फुकट असली तरी वाया घालवू नये रं."

"का, आज्जा?"

जन्मभर पोरांना एकच कारण सांगत आलो, बिल वाढतंय. आता बिलावर शून्य येतं. मी चौथी शिकलेला, दुसरं काय सांगणार?

दुपारी पोरं खेळायला गेली, तर रिकाम्या खोलीत पंखा फिरतोय. सईला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "आज्जा, हितं चालतंय न्हवं?"

लेकीनं लावलेली सवय माझ्या घरात एका दिवसात मोडली. परवा पोरगी परत जाईल. त्याआधी तिला काय सांगू, कुणी सोप्या शब्दांत सांगाल का?